सुशिका बेटावरील बालसंरक्षण

एक मार्चच्या मोजणीनुसार सुशिका बेटावर माणसे एकेचाळीस, गाढवे तीन, संगणक अकरा आणि अठरा वर्षांखालील मुले शून्य. (शाळा १९८९ साली बंद झाली.) तरीही राजधानीने इंटरनेटवरील बालसंरक्षणाचा कायदा आम्हालाही लागू केला, कारण धोका येण्याआधी बंदोबस्त करणे यालाच दूरदृष्टी म्हणतात. हवामान केंद्रातला संगणक त्यातल्या त्यात बरा, म्हणून सगळ्यांच्या वयाच्या नोंदणीचे काम माझ्याकडे आले.

येरकामावशी, वय चौऱ्याऐंशी, दर बुधवारी सकाळी दहाला सिडनीतल्या बहिणीशी, वित्साशी, संगणकावर पत्ते खेळते. अकरा वर्षांत दोघींनी जिंकलेले डाव ४९९-४९९. पाचशेवा जिंकेल तिला आईची पितळी कॉफीची चक्की; लागोपाठ तीन बुधवार चुकवेल ती हरली. चक्की तूर्त येरकामावशीच्या फडताळात होती.

आमच्याकडे सत्तरीनंतर ओळखपत्र कायमचे मिळते. मुदतीच्या रकान्यात आडवी रेघ. यंत्रणेला तारीख लागते. तारीख नाही म्हणून ओळखपत्र अग्राह्य, ओळखपत्र अग्राह्य म्हणून वय असिद्ध, आणि कलम नऊ म्हणते की शंका असल्यास व्यक्ती बालक समजावी. तर्क मी दोनदा तपासला. चूक सापडली नाही.

"मावशी, आईवडिलांची संमती मागतंय."

"वर टेकडीवर आहेत दोघं, सुरूच्या झाडाखाली. जा, सही घेऊन ये."

शेवटी मुलगा फ्राने (वय एकसष्ट, ओळखपत्राची मुदत शिल्लक) पालक म्हणून नोंदला गेला. त्याने पद मनावर घेतले.

"आई, आधी ताटातलं संपव. मग पत्ते."

"मेल्या, तुला भरवताना मी हाच घोशा लावायचे."

"म्हणून तर पाठ आहे."

संमती मंजूर झाली. मात्र बालकांना रात्री आठ ते सकाळी आठ झोप आणि आठ ते एक शाळा. त्या वेळेत खेळ बंद. (पालकाने बालकाच्या जागी खेळणे हा गुन्हा, कलम चौदा.) आमच्या एकनंतर सिडनीत रात्र झालेली असते आणि वित्सा झोपलेली असते. बुधवारी दहाला पडद्यावर दप्तराचे चित्र आले.

मावशीने बहिणीला फोन लावला. "वित्से, मी शाळेत आहे."

"चौथीत नापास झालीस तेव्हाही हेच सांगितलं होतंस," वित्सा म्हणाली. "एक बुधवार गेला."

कायदा होण्याआधी मंत्रालयाने महिनाभर हरकती मागवल्या होत्या. बेटावरून एकही गेली नाही. मीही पाठवली नाही. मला मुले नाहीत.

तिसऱ्या बुधवारनंतर मी अहवाल बोटीने राजधानीला पाठवला. संरक्षित बालके: तेवीस. सरासरी वय: ७८.४ वर्षे. त्याच बोटीने सिडनीच्या टपालात गेलेली चक्की, वेष्टनासह: एक किलो चाळीस ग्रॅम.