इटलीची गाडी आणि मिरचीची परखी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कुकटपल्लीच्या शोरूममध्ये लाल स्पोर्ट्स कारच्या नाकावरचं चिन्ह निखळलं आणि नामदेवरावांच्या पायाशी टण्णकन पडलं.

साल १९९७. त्याच्या दोनच मिनिटं आधी सेल्स ऑफिसर मुकुंदराव छाती पुढे काढून सांगत होते, "शेठ, ही बेल्लारो आहे, बेल्लारो! थेट इटलीची! दहा वर्षं हिचा स्क्रूसुद्धा हलणार नाही!"

स्क्रू हलला नाही, हे खरं. चिन्ह स्क्रूनं लावलेलंच नव्हतं. ते डिंकानं चिकटवलेलं होतं.

नामदेवराव बेगम बाजारातले मिरचीचे ठोक व्यापारी. त्यांच्या खिशात पेनाऐवजी परखी असे. परखी म्हणजे पोत्यात खुपसून आतला माल बाहेर काढायची टोकदार, पोकळ सळई. वरचा माल ते कधी बघत नसत. दोन वर्षांपूर्वी एका दलालानं मिरचीत विटेची पूड मिसळली होती. नामदेवरावांनी आरडाओरडा केला नाही. दलालाला पाटावर बसवलं आणि त्याच मिरचीची मूठभर पूड शांतपणे खायला लावली. ही गोष्ट अख्ख्या हैदराबादला माहीत होती. मुकुंदरावांना जरा जास्तच माहीत होती.

"परखी कशाला, शेठ?" त्यांनी विचारलं होतं.

"पोत्याचं तोंड सगळेच सजवतात, मुकुंदराव," असं म्हणत नामदेवरावांनी परखीचं टोक चकचकीत चिन्हाखाली घातलं आणि हलकेच उचकटलं. एवढंच.

आता चिन्ह फरशीवर होतं आणि त्याच्या जागी, गाडीच्या नाकात साच्यातूनच उठवलेलं दुसरं चिन्ह दिसत होतं. वज्र!

वज्र ऑटोचे तीनचाकी टेम्पो शहरभर होते. चालताना कमी, बॉनेट उघडून उभे असलेले जास्त. नामदेवरावांच्या गोदामात असे दोन होते. त्यातला एक दसऱ्यापासून जागचा हलला नव्हता आणि त्याच्या सीटवर शेजाऱ्यांची कोंबडी अंडी घालत होती.

"हे काय?" नामदेवरावांनी विचारलं. आवाज अगदी हळू. पाटावर बसवण्याआधी त्यांनी दलालालाही अशाच आवाजात विचारलं होतं म्हणे.

"ते... ते डिझाइन आहे, शेठ!"

"हौला, येडा समजलात का मला?"

मुकुंदरावांनी वर्कशॉपकडे बघून जीवाच्या आकांतानं हाक मारली, "गौतम!"

गौतम वर्कशॉपचा प्रमुख. घराणं परभणीकडचं, डोकं थंड, आणि खोटं बोलायची अजिबात सवय नाही. या क्षणी हा त्याचा फार मोठा दोष होता.

"शेठ, गाडी दोन कंपन्यांनी मिळून केली," तो हात पुसत म्हणाला. "साचा एकच. मोठ्या शहरात बेल्लारो म्हणून विकायची, इतर ठिकाणी वज्र म्हणून. खालचं चिन्ह घासून टाकायचं राहून गेलं असेल."

"इंजिन कुणाचं?"

"कागदावर 'संयुक्त' लिहिलंय."

"गिअर?"

"संयुक्त."

"ब्रेक?"

"तोही संयुक्तच."

"आमच्या बाजारात संयुक्त म्हणत नाहीत," नामदेवराव म्हणाले. "भेसळ म्हणतात."

सरकारी कारखान्यातली एकवीस वर्षांची कायमची नोकरी सोडून मुकुंदराव या नव्या जमान्यात उतरले होते. सहा महिन्यांत एक तरी गाडी विकायची, नाहीतर नमस्कार, असं नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं. ते सहा महिने आज संध्याकाळी सहाला संपत होते. नल्लकुंट्याच्या घरातून निघताना बायको तारामती म्हणाल्या होत्या, "तुम्हाला लेथ मशीन कळतं, गिऱ्हाईक नाही. बघा बाई." ते 'बघा बाई' अजून कानात वाजत होतं.

"शेठ, चालवून तर बघा!" ते कसेबसे म्हणाले.

"तेच करणार. बेगम बाजारापर्यंत. बसा शेजारी."

"मी? नको, गौतम येईल ना..."

"बसा!"

गाडीत दोनच सीट होत्या. काचा बंद केल्यावर नामदेवरावांच्या कपड्यांत तीस वर्षं मुरलेली मिरची मुकुंदरावांच्या नाकात शिरली. एर्रागड्ड्यापर्यंत त्यांना अकरा शिंका आल्या. मागून गौतम स्कूटरवर येत होता.

गाडी खरंच वाऱ्यासारखी पळत होती. "बघा, हे इटली!" मुकुंदराव म्हणाले. तेवढ्यात खालून घरघर सुरू झाली.

"आणि हे?"

"हे... रस्ता खराब आहे, शेठ."

अमीरपेटला घरघर थांबली. इटली! लकडी का पुलाजवळ करकर सुरू झाली. वज्र! नामपल्लीला दोन्ही आवाज एकदम येऊ लागले, तेव्हा मुकुंदरावांनी डोळे मिटले आणि सीटची कड घट्ट धरली. संयुक्त!

मोअज्जम जाही मार्केटसमोर, भर दुपारी, भर चौकात गाडी बंद पडली.

मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. नामदेवरावांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मुकुंदरावांच्या जिभेवर आपोआप तिखट चव आली.

बाजूलाच एक वज्र टेम्पो रीतसर बॉनेट उघडून उभा होता. त्याचा ड्रायव्हर विडी टाकून पुढे आला. गाडीच्या नाकाकडे वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे, ये तो अपनी वज्र है!"

"बेल्लारो!" मुकुंदराव खिडकीतून ओरडले.

"हौ चचा, नाम कुछ भी रखो. बॉनेट खोलो."

त्यानं पायातली चप्पल काढली, तिनं इंजिनाच्या डाव्या कडेला दोन फटके मारले, तिसरा जरा प्रेमानं मारला, आणि म्हणाला, "अब मारो सेल्फ."

गाडी सुरू झाली!

स्कूटर बाजूला घेऊन गौतम पोचला होता. मुकुंदराव त्याच्या कानात कुजबुजले, "आता?"

"आता कळलं, साहेब. इंजिन वज्रचं आहे."

"हळू बोल रे!"

नामदेवरावांनी ऐकलं होतं. त्यांनी टेम्पोवाल्याच्या चपलेकडे बघितलं. मग म्हणाले, "मुकुंदराव, उतरा."

"शेठ, माफ करा! मी नव्या नोकरीतला माणूस..."

"उतरा म्हणतो ना."

ते उतरले. गाडी बेगम बाजाराच्या दिशेनं निघून गेली, मागे गौतमची स्कूटर. मुकुंदराव बसनं शोरूमला परतले आणि फोनसमोर बसून राहिले.

साडेचारला गौतमचा फोन आला, गोदामाशेजारच्या दुकानातून.

"साहेब, त्यांनी वज्रचं चिन्हही कानशीनं घासून टाकलंय. पेंटर बसवलाय. नाकावर 'नामदेवराव आणि मंडळी' असं लिहून घेतायत."

"म्हणजे घेतली!" मुकुंदराव उडालेच.

"तेच विचारलं. म्हणाले, बाहेरचा माल आमच्या नावानं आठ दिवस ठेवतो, कुणाची तक्रार नाही आली तरच घेतो. सगळ्या मालाची हीच पद्धत आहे म्हणे."

"आठ दिवस! अरे, माझ्याकडे दीड तास आहे! आजच्या आज सही घे! पाया पड!"

"बघतो."

पावणेसहाला मॅनेजरनं केबिनमधून डोकावून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. मुकुंदरावांनी हसून दाखवलं. ते हसू बघून मॅनेजरनं पाण्याचा ग्लास पाठवला.

पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

"साहेब, कागद घेऊन गेलो. शेठ गाडीत बसले होते. दार लावून घेतलं आणि आता दोन्ही दारं उघडत नाहीयेत. काचाही खाली येत नाहीत."

"अरे देवा! आणि कागद?"

"कागद आत त्यांच्याकडेच आहे. पेनही दिलंय."

"मग सही केली का?"

"काचेवर ओला रंग उडालाय, नीट दिसत नाही. ते आतून हात हलवून काहीतरी सांगतायत. निम्मा बाजार म्हणतो, सही केल्याची खूण आहे."

"आणि निम्मा?"

गौतमच्या मागे कुणीतरी काचेवर जोरजोरात मुठी आपटत असल्याचा आवाज येत होता.

"निम्मा बाजार म्हणतो, तुम्ही इकडे येऊ नका."