बनसोडे बाईंचा अंगठा

आमच्या शाळेच्या पीटीच्या बनसोडे बाई कुणाला नमस्कार करत नाहीत. थेट अंगठा पुढे करतात, समोरच्याची खालची पापणी ओढतात आणि आत डोकावतात. आत लाल दिसलं तर सुटका. पांढुरकं दिसलं तर त्या माणसाची खैर नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांवरच त्यांनी अंगठा उगारला होता. हेडमास्तर मध्ये पडले म्हणून निभावलं.

सोमवारी शाळेत लोहाची गोळी वाटतात. त्या दिवशी बाईंच्या अंगात येतं. डबा खाल्ला की गोळी, वर लिंबाची फोड, मग तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. जेवणावर चहा घेतलेला त्यांना खपत नाही, कारण म्हणे तो लोह अंगी लागू देत नाही. सोलापुरात हे सांगणं म्हणजे भाकरीबरोबर शेंगाचटणी नको म्हणण्यासारखंच. आम्ही मास्तर लोक टेबलाखाली कप धरून चहा पितो.

गेल्या वर्षी त्यांची गाठ आठवीतल्या श्रावणीशी पडली. पोरगी चांगली गुटगुटीत, पण मैदानाची अर्धी फेरी झाली की धापा टाकत खाली बसायची. वर्गात खडू खायची. आम्ही तिला आळशी ठरवून मोकळे झालो होतो. बाईंनी पापणी ओढली आणि आईला बोलावणं धाडलं.

आई तणतणतच आली. "माझी लेक काय हाडकुळी हाय व्हय? खात्यापित्या घरची हाय. काट्यावर हुबी करून बघा की."

"काट्याला काय कळतंय? वजन हाय ताई, रगत न्हाय," बाई म्हणाल्या.

आई ऐकेना. बाई रोज शाळा सुटली की त्यांच्या दारात. हाकललं तरी दुसऱ्या दिवशी हजर. शेवटी कंटाळून आईने पोरीचं रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन फारच कमी निघालं आणि डॉक्टरांनी औषध सुरू केलं.

परवा सोमवारी मधल्या सुट्टीत श्रावणी पोरींबरोबर पळत होती. आख्खी फेरी झाली तरी थांबेना. बाई पायरीवर बसून बघत होत्या. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं.

"मीबी अशीच होते, सर. जाड. सगळी आळशी म्हणायची. एकानंबी पापणी वडून बघितली न्हाय."

एरवी मैदानभर ऐकू जाणारा त्यांचा आवाज शेजारी बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू आला.

तेवढ्यात श्रावणी आली आणि तिने थेट बाईंची पापणी खाली ओढली.

"बाई, पांढरी हाय की. डबा कुटाय तुमचा?"

त्यांची आई वारल्यापासून बाई एकट्याच राहतात. एकटीसाठी कशाला रांधायचं, सकाळी चहा-खारी खाल्ली, असं त्या पुटपुटल्या. चहा म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

श्रावणीने आपला डबा आणला. अर्धी भाकरी, पालेभाजी बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि ती संपेपर्यंत उभी राहिली. मग गोळी दिली, लिंबाची फोड दिली.

"आता तोंड उघडा," ती म्हणाली.

बाईंनी निमूट तोंड उघडलं. जीभसुद्धा वर केली.