वझे काकांचा तिसरा क्वार्टर

वझे काकांच्या बेसमेंटमधल्या लाँड्री रूममध्ये मी एकूण चार रविवार काढले आहेत. कपडे धुवायला नव्हे. आमची लाडकी अमेरिकन फुटबॉल टीम जिंकावी म्हणून.

पहिल्या वेळी मी आत गेले ती कुर्त्यावर सांडलेली चिंचेची चटणी धुवायला. नळ सोडला आणि बाहेर एकदम आरडाओरडा झाला. आपल्या टीमचा टचडाऊन, म्हणजे एकदम सहा गुण, झाला होता. मी दार ओढलं, तर ते काकांनी बाहेरून धरून ठेवलेलं. "तिथेच थांब," ते म्हणाले. "हलायचं नाही." मला वाटलं गंमत करताहेत. पंधरा मिनिटांनी दार बोटभर उघडलं, समोशाची बशी आत आली आणि दार पुन्हा बंद झालं, तेव्हा कळलं की गंमत नाही. उरलेली मॅच मी कपड्यांची टोपली उपडी करून तिच्यावर बसून ऐकली. टीम जिंकली. पुढच्या रविवारी गेले तर आत घडीची खुर्ची, खुर्चीवर उशी आणि दारावर चिकटपट्टीने लावलेला कागद: 'सौ. मेघना – राखीव'. हा मान आहे असं मला माझ्या नवऱ्याने, मंदारने, समजावून सांगितलं. तो स्वतः सोफ्यावर बसला होता.

वझे काका मूळचे मिरजेचे. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, आमच्यापासून तीन घरं पलीकडे राहतात. तीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करून आता रिटायर झालेत. एरवी माणूस अगदी सरळ. स्वतःच्या ड्राइव्हवेचा बर्फ काढताना शेजारच्यांचाही काढून टाकतात. पत्रिका, मुहूर्त, ग्रह यांचं नाव काढलं तरी त्यांना हसू येतं. मांजर आडवं गेलं तर ते मांजराला काही लागलं नाही ना, एवढंच बघतात. मात्र रविवारी दुपारी बारा वाजता मॅच सुरू झाली की हाच माणूस बेसमेंटमधल्या प्रत्येकाची जागा ठरवतो आणि मग कुणाला मांडीसुद्धा बदलू देत नाही.

हे त्यांनी मिरजेहून आणलेलं आहे. त्यांच्या लहानपणी रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू असताना आत्या दूध घेऊन आली आणि धडाधड पडणाऱ्या विकेट थांबल्या. त्यांच्या वडिलांनी आत्याला चहाच्या सुट्टीपर्यंत उंबऱ्यावर उभं ठेवलं. दूध नासलं, मॅच वाचली. खेळ बदलला, देश बदलला, तरी काकांनी शास्त्र तेच ठेवलं. "अंधश्रद्धा नाही ही, मेघना," ते मला म्हणतात. "रिप्रोड्यूस होतंय ना? एकदा झालं तर योगायोग. तीनदा झालं तर फीचर."

मला स्वतःला या खेळातलं फार कळत नाही. चेंडूला पाय क्वचितच लागतो, तरी त्याला फुटबॉल का म्हणतात, हे नऊ वर्षांत मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना द्यायचा, एवढं समजलंय. आमची टीम बहुतेक वेळा चेंडू समोरच्यांना देते.

सोमवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आढावा बैठक होते. आठवडाभरात देशात जेवढ्या मॅच झाल्या, तेवढ्या सगळ्यांचा निकाल लागतो. बाकीचे लोक कोच कसा चुकला, पंच कसा आंधळा होता वगैरे बोलतात. काकांना त्यात रस नसतो.

"टेक्सासवाले शेवटच्या मिनिटाला हरले यार," आमच्या बेसमेंटमधला कुलकर्णी हळहळतो. लग्नाआधी तो तिकडे राहायचा.

"तू कुठे होतास तेव्हा?" काका विचारतात.

"गॅस भरायला गेलो होतो."

"का?"

"गाडीत गॅस नव्हता, काका."

"मॅच संपल्यावर भरता आला असता," काका शांतपणे म्हणतात, आणि त्या मॅचवरची चर्चा संपते.

एकदा मी धीर करून विचारलं, की एवढं सगळं करूनही आपली टीम हरतेच की. काकांनी चष्मा पुसला. "नाहीतर किती हरली असती, याचा विचार कर," ते म्हणाले.

या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचा माणूस बेसमेंटमध्ये नसतो. तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला असतो. काकांचा मुलगा रोहन.

रोहन इथेच जन्मला, इथेच वाढला. तिकडे नोकरी लागल्यापासून महिन्यातून एकदा फोन करायचा. आईशी जरा बोलायचा, मग फोन बाबांकडे. "हाऊ आर यू, बाबा?" "फाइन. जेवलास का?" "येस." "बरं, मग ठेवतो." पाऊण मिनिट. भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायलाही विषय लागतो.

दोन वर्षांपूर्वी त्याला लहानपणच्या लशींचं कार्ड हवं होतं, म्हणून त्याने भर मॅचमध्ये फोन केला. मध्यंतर संपून तिसरा क्वार्टर, म्हणजे मॅचच्या चार भागांतला तिसरा, नुकताच सुरू झाला होता. काकांनी चिडून फोन उचलला, "हॅलो" म्हणाले, आणि आमच्या टीमने टचडाऊन केला. झालं. रोहनला हुकूम गेला: दर रविवारी, तिसऱ्या क्वार्टरला, फोन करायचा. टीमचा प्रश्न आहे. रोहन म्हणे खूप हसला. "बाबा, यू आर क्रेझी," म्हणाला. पण फोन करायला लागला.

आता फोन वीस-वीस मिनिटं चालतो. "हे बाबा, वॉट्स द स्कोअर?" इथून सुरुवात होते. क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याचा, खांदा दुखावलाय, यावरून विषय रोहनच्या खांद्यावर येतो, खांद्यावरून त्याच्या गादीवर, गादीवरून घरमालकावर. मग तो फोडणी का जळते ते विचारतो. काका टीव्हीकडे बघत मोहरी कधी घालायची ते सांगतात. स्वतः काकांनी आयुष्यात फोडणी केलेली नाही, त्यामुळे काकू जिन्यावरून दुरुस्त्या सुचवतात.

गेल्या हंगामात मंदारने घोळ घातला. तो डेटावाला आहे, त्याला गप्प बसवत नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही मार खात असताना तो म्हणाला, "काका, मी चेक केलं. रोहनचा फोन आला की आपण जास्त वेळा हरतो. पनवती रोहनच आहे."

ज्या माणसाने कुलकर्णीला एका शिंकेवरून महिनाभर गॅरेजमध्ये बसवलं होतं, तो काय करतो ते आम्ही बघत होतो.

"सॅम्पल साइझ लहान आहे," काका म्हणाले.

"पूर्ण सीझन आहे काका. मेघनाला तर तुम्ही एका मॅचवर कोंडलंत."

"तिची केस वेगळी आहे," काका म्हणाले आणि चिप्सचा रिकामा वाडगा घेऊन वर निघून गेले. मॅच चालू असताना ते जागेवरून उठल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मंदार घरी येईपर्यंत मला विचारत होता, की मी काय चुकीचं बोललो. मी सांगितलं नाही. काही गोष्टी डेटावाल्यांनी आपल्या आपण शोधाव्यात.

या वर्षी एका रविवारी मी काकूंचा डबा परत करायला गेले. दीड वाजला होता. त्या दिवशी आमच्या टीमची मॅच नव्हती. हंगामात एका आठवड्यात प्रत्येक टीमला सुट्टी असते, त्याला बाय वीक म्हणतात. त्यामुळे घर शांत होतं.

"काका झोपलेत का?" मी विचारलं.

"खाली बसलेत," काकू म्हणाल्या. त्या चहा गाळत होत्या. "मागच्या वर्षी बाय वीकला रोहनचा फोन आला नव्हता. मॅचच नाही तर कशाला करील? हे आपले संध्याकाळपर्यंत बसून. म्हटलं, अहो, तुम्ही करा. तर म्हणाले, मी काय म्हणून करू? विषय काय?" त्यांनी कप माझ्या हातात दिला. "जरा नेऊन दे गं. मला बघवत नाही तिथे."

मी खाली गेले. काका टीमची जर्सी घालून आपल्या जागेवर बसले होते. टीव्ही बंद होता. टीपॉयवर फोन उलटा नव्हता, सुलटा होता, आणि चार्जरला लावलेला होता.

"आज मॅच नाही ना, काका?"

"नाही. बाय वीक." मग म्हणाले, "जागा मोडू नये. लय जाते."

मी चहा ठेवला. तिथेच उभी राहिले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले, म्हणजे एरवीची तिसऱ्या क्वार्टरची वेळ, मग पावणेदोन वाजून गेले. काकांनी चहाला हात लावला नाही. मला त्या माणसाची इतकी दया आली, की मीच बाहेर जाऊन रोहनला फोन करावा असं वाटलं. नंबर नव्हता, नाहीतर केलाही असता.

फोन वाजला.

काकांनी तो लगेच उचलला नाही. दोन वेळा वाजू दिला, मग स्पीकर लावला. एरवी मॅचच्या गोंगाटात लावतात, तसाच.

"हे बाबा," रोहन म्हणाला, आणि थांबला. "सो... वॉट्स द स्कोअर?"

काकांनी समोरच्या काळ्या टीव्हीकडे पाहिलं. जर्सीच्या बाहीने चष्मा पुसला.

"झीरो-झीरो," ते म्हणाले. "टाइट आहे मॅच."

"ओके," रोहन म्हणाला. "देन आय बेटर स्टे ऑन."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. काकांनी माझ्याकडे न बघता हाताने खूण केली: हलायचं नाही.

मी मात्र या वेळी त्यांचं ऐकलं नाही. पावलांचा आवाज न करता लाँड्री रूममध्ये गेले, दार लावून घेतलं आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.