हळर्णच्या शाळेत ककार सर झाला त्याची हकीकत

ग्रामदेवतेस नमन करून सुज्ञ वाचकांचे सेवेसी अर्ज ऐसा जे, पेडणे महाली हळर्ण गावचे शाळेत, सन दोन हजार सोळाचे हिवाळ्यात, क या एका अक्षराकारणे जे युद्ध जाहले, ते जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता, पुढे लिहिले आहे. सावधचित्ते वाचावे.

दुसरे इयत्तेत पद्मावती नामे सात वर्षांची मुलगी होती, तिचे जिभेचे शेंड्याने बंड मांडिले होते. घशाकडून क निघाला की शेंडा दातांमागे दबा धरून त्यास गाठी आणि त्याचा त करून सोडी. काकाचा ताता जाहला आणि वर्ग हसू लागला, मग मुलीने वर्गात बोलणेच टाकिले. तशात पांडुरंगपंत नामे तपासनीस परमुलखातून चित्रांचे पुस्तक घेऊन दाखल जाहले. त्यांनी खिडकी दाखविली, मुलगी जनेल बोलली. पाव दाखविला, उंडो बोलली. कावळा दाखविला, तावळो बोलली. पुस्तकात यांपैकी एकही शब्द नव्हता. सबब वीस चित्रांत सोळा चुका मांडून पंतांनी शेरा मारिला जे, बुद्धी मंद. महिन्याने फेरतपासणी करू, आणि निकाल हाच राहिल्यास मुलीस मुरगावकडे वसतिगृहाचे खास शाळेत रवाना करावे.

या प्रांती शाळोशाळी फिरून मुलांचे उच्चार सुधारावे, ऐसी सनद कारापूरच्या सुमंगलाबाई केरकर यांस होती. कागदोपत्री हुद्दा वाचोपचारतज्ज्ञ, परंतु रयत त्यांस जिभेची बाई म्हणे. अकरा शाळांचा सुभा आणि वाहन म्हणावे तर एक स्कूटर. हळर्णचा वार गुरुवार. मुलीची आई वत्सलाबाई यांनी ती स्कूटर फाटकातच अडविली आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बाय गो, माजां चेडूं पिशां नाय. घरात तेचां तोंड गप बसना नाय." चेडूं म्हणजे मुलगी, पिशां म्हणजे वेडी.

सुमंगलाबाईंनी तेच पुस्तक मागवून नव्याने चौकशी केली, आणि त्यांस हसू आवरेना. कारण त्यांचेही घरी खिडकीस जनेलच म्हणत. सोळांपैकी अकरा चुका मुळी चुकाच नव्हत्या. उरल्या पाच, त्या साऱ्या ककाराच्या. परंतु हाती गुरुवार चारच, आणि बाईंनी मनी जाणिले की इतुक्यात न साधले तर मुलगी आईवेगळी होते. मुख्याध्यापिका कमलाक्षीबाई यांनी फर्माविले जे, तांदळाची कोठी मोहिमेस द्यावी. बाईंनी तेथे तळ दिला.

पहिले गुरुवारी मिठाचे पाण्याच्या गुळण्यांचा मारा केला, की जिभेचा पिछाडीचा बुरूज जागा व्हावा. त्यात एक धार कमलाक्षीबाईंचे इस्त्रीचे साडीवर गेली. दुसरे गुरुवारी बाईंनी बोट धुऊन शेंडा दाबिला, तो शेंडा निसटला आणि दातांनी बोट धरिले. बाई जायबंदी जाहल्या, परंतु माघार घेतली नाही. तिसरे गुरुवारी मसलत फिरविली आणि मुलीस बाकावर उताणी निजवून छपराची कौले पाहावयास सांगितले. मग जीभ आपले भाराने मागे सरली आणि घशातून अक् ऐसा नाद निघाला. मुलगी स्वतःच दचकली. बाईंनी पुन्हा मागितला, पुन्हा निघाला. दाराआडून टेहळणारा सारा वर्ग अक् अक् करू लागला, आणि कमलाक्षीबाईंनी घाबरून दुपारी भाजीत काय पडले याची तपासणी आरंभिली. चौथे गुरुवारी निजून क, बसून का, उभ्याने की. आणि घरी आईचा पहारा.

मग नेमले दिवशी पंत आले. बाई मुलीचे मागे उभ्या राहिल्या. खिडकीचे चित्र निघाले. मुलगी बोलली, जनेल. पंतांनी फुली मारावयास लेखणी उचलिली आणि हुकूम केला जे, पुस्तकातील नाव सांगावे. मुलीने त्यांस आपादमस्तक न्याहाळिले.

"खिडकी तुमगेर," ती बोलली. "आमगेर जनेल."

तुमगेर म्हणजे तुमचे घरी. परंतु खिडकीतील ख शाबूत होता आणि की खणखणीत होती, आणि पंतांची लेखणी अधांतरीच राहिली. तेव्हा बाईंनी अर्ज केला जे, एके वस्तूची दोन नावे जाणणारी मुलगी मंद कैसी? पंत सज्जन गृहस्थ. त्यांनी पुस्तकात खिडकीशेजारी जनेल आणि पावाशेजारी उंडो स्वहस्ते लिहिला, जुना शेरा खोडिला, आणि मुलीने हळर्णासच शिकावे ऐसे लिहून शिक्का केला. वत्सलाबाईंनी एक थोर भोपळा बळेच स्कूटरवर लादिला.

पुढे पद्मावतीस कित्याक, म्हणजे कशाला, हा शब्द बहुत रुचला, की त्यात क दोन वेळा येतो. घंटा कित्याक, पाढे कित्याक, गृहपाठ कित्याक, ऐसा भडिमार चालला, आणि आठवे दिवशी कमलाक्षीबाईंचा खलिता कारापुरी पोहोचला जे, यावर काही इलाज असल्यास त्वरित कळवावा. सुमंगलाबाईंनी उलट टपाली लिहिले जे, उच्चार निर्दोष आहे, आता उत्तरे द्यावी.

येणेप्रमाणे ककार सर जाहला, तो येथे नोंदिला. वाचकांनी आपला अमोल वेळ खर्चून हे वाचिले, त्यांचा ऋणी आहे.

गोकुळदास बाबाजी गावस, मुक्काम हळर्ण.