सुतकीरावांची मान

"हसा," मेहुणा म्हणाला.

सुतकीरावांनी हसून दाखवलं. पाणी घेऊन आलेली बायको दारातच थबकली. "अहो, काय होतंय? पोटात दुखतंय का?"

"राहू द्या हसणं," मेहुण्याने हात टेकले. विक्रेत्यांना देहबोली शिकवणं हा त्याचा धंदा, आणि इतका नापास विद्यार्थी त्याला आजवर भेटला नव्हता. "भाऊजी, दोनच गोष्टी करा. समोरचा जसा बसेल तसं बसायचं आणि तो बोलला की मान डोलवायची. त्याला वाटतं, हा आपलाच माणूस."

सुतकीरावांचा चेहरा जन्मापासून तसाच होता. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते कुणाला तरी पोचवून आल्यासारखे दिसत. म्हणून ऑफिसने त्यांचं हे नाव ठेवलं होतं, आणि म्हणूनच लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्यांना तक्रारींच्या खिडकीवर बसवलं होतं. तासभर लिफ्टमध्ये अडकलेला माणूस तावातावाने यायचा, खिडकीतलं तोंड बघायचा आणि "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?" असं विचारून परत जायचा. फोनवरच्या तक्रारी शेजारच्या टेबलावरचा सहकारी घ्यायचा; त्याला ऑफिस भोंगा म्हणे. त्याच्या आवाजापुढे तक्रार टिकत नसे.

पण आता कंपनीला दोघांपैकी एकच हवा होता. कोणाला ठेवायचं ते ठरवायला मुख्य कचेरीतून मॅडम येणार होत्या. सुतकीरावांच्या घरी आजारी आई, मुलीचं कॉलेज, आणि या वयात हे तोंड घेऊन दुसरीकडे नोकरी मागायची म्हणजे दारातूनच परत फिरायची पाळी. भोंग्याच्या घरची रडकथाही निराळी नव्हती. आठवडाभर दोघं एकमेकांची नजर चुकवत होते. चहा मात्र अजून अर्धा अर्धाच घेत होते, आणि तो कडू लागत होता.

मॅडम आल्या, सुतकीरावांना आत बोलावलं. मॅडमची मान डाव्या खांद्यावर कलली होती. सुतकीरावांनीही आपली मान तेवढीच कलती केली. मॅडमनी मानेवर हात ठेवला. यांनीही ठेवला. मॅडम कळवळून "आई गं" म्हणाल्या. जरासा विचार करून सुतकीरावही हळूच "आई गं" म्हणाले.

मॅडमचे डोळे बारीक झाले. "माझी नक्कल करताय तुम्ही?"

समोरचा बोलला, तेव्हा मान डोलली. डोलून झाल्यावर प्रश्न डोक्यात शिरला. संपलं सगळं, सुतकीरावांना वाटलं. चेहऱ्यावर सकाळपासून ओढून ताणून धरलेलं सगळं गळून पडलं आणि तो मूळ पदावर आला.

मॅडमनी तो चेहरा पाहिला. मग एकदम नरमल्या. "सॉरी हं. तुमचीही मान धरलीय का?"

मान डोलली.

"टेन्शननेच ना? माझंही तेच. झोप नाही हो! रोज नवी शाखा, रोज कुणाला तरी सांगायचं, उद्यापासून येऊ नका. एकाने अंगावर पाणी फेकलं. परवा एक जण रडता रडता माझ्या खांद्यावर झोपूनच गेला. उठवायचा धीर होईना. तेव्हापासून ही मान." त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. "मला कुणी विचारतं का, तू कशी आहेस म्हणून?"

सुतकीरावांनीही रुमाल काढला. नियम होताच, पण त्यांना मनापासून वाईटही वाटत होतं.

"या कामाला तुमच्यासारखाच माणूस हवा," मॅडम नाक पुसत म्हणाल्या. "तुम्हाला पाहिलं की माणसाला आपलं दुःख हलकं वाटतं. कराल?"

मान डोलली.

"मग तुमची नोकरी पक्की. सुरुवात इथूनच करा. त्या फोनवाल्यांना आत्ताच सांगून टाका, उद्यापासून येऊ नका."

तोवर मानेला सवय लागली होती. ती डोलली.

बाहेर भोंगा उभाच होता. फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता. सुतकीराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मेहुण्याने शिकवलेलं काहीएक आठवेना. तोंड उघडलं, आणि चेहरा तर आज स्वतःचाच विक्रम मोडत होता.

भोंग्याने त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "बस. काही बोलू नकोस. कळलं मला."

"नाही रे, तसं नाही, मॅडम म्हणाल्या..."

"मला सांगतोस? इतकी वर्षं बघतोय हे तोंड. पण असं कधी नव्हतं झालं." त्याने सुतकीरावांना हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. त्याचेच डोळे भरून आले होते. "ऐक सुतक्या. माझी नोकरी राहिली याचा मला आनंद झालाय असं समजू नकोस. मी मॅडमच्या पाया पडतो, तुला गोदामात तरी चिकटवतो. आईच्या औषधांची काळजी करू नकोस, मी आहे. आणि वहिनींना तू काही सांगू नकोस. संध्याकाळी मी घरी येतो, मी सांगतो. असलं काही कुणाच्या तोंडावर सांगायचं म्हणजे काळीज दगडाचं लागतं. तुला नाही जमायचं. कळलं ना?"

सुतकीरावांनी मान डोलावली.