पारूआत्या आणि चुगलखोर रगात

आमच्या कुरुळीच्या घरमालकीण पारूआत्या डॉक्टरांशी भांडत नाहीत. त्या रिपोर्टशी भांडतात. कागद डोळ्यांपासून लांब धरायचा आणि त्यालाच दरडावायचं, "तुला कुनी इचारलं रं?"

आत्यांना वाचता येत नाही, म्हणून दवाखान्यात सोबत मी. मी मूळचा लातूरचा, चाकणला एका कंपनीत शिफ्टवर, आणि आत्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू. आत्या मात्र सगळ्यांना सांगतात, "ह्यो माझा लातूरकर." बाजारातून नवी म्हैस आणल्यासारखं.

आत्यांचं हृदय कमजोर झालंय. पाय सुजतात, जिन्यात धाप लागते. "धाप कुठली? मी थांबून गाव बघती," आत्या म्हणतात. आमच्या जिन्यातून गाव दिसत नाही. समोरच्या शेडचा पत्रा दिसतो.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा हृदयासाठी रक्ताची तपासणी सांगितली, तेव्हा आत्या खुर्चीत ताठ झाल्या. "काळजाचं दुखनं काळजाला इचारा की. रगताला काय ठावं?"

"आत्या, हृदयावर ताण आला की ते रक्तात एक पदार्थ सोडतं. ताण वाढला की आकडा वाढतो. औषध लागू पडलं की उतरतो."

आत्यांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी चुगली."

"तसंच म्हणा."

"मग घ्या रगात! कंपन्या आल्या तवा कांद्याच्या वावरात मोजणीवाल्यांम्होरं आडवी झाल्ते मी. ह्या चुगलखोराला भिऊ व्हय?"

सुरुवातीला आकडा उतरत गेला. त्याचं श्रेय आत्यांनी गोळ्यांना दिलं नाही. "भ्यालं मला," म्हणाल्या.

मग एकदा आकडा एकदम चढला. पायही टम्म सुजलेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या घेता?"

"समद्या."

"आणि मीठ?"

"शिवत न्हाई मी मिठाला."

"काहीतरी चुकतंय आत्या. असंच चाललं तर ॲडमिट व्हावं लागेल."

"मी न्हाई ऱ्हायाची! घरी कामं हायती." आत्या उठल्या, आणि दारापर्यंत जाईतो दोनदा गाव बघायला थांबल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या शिफ्टला निघताना मी त्यांच्या गोळ्या द्यायला खाली गेलो. दार उघडंच होतं. आत आबा, म्हणजे आत्यांचे यजमान, पाटावर बसलेले. आबांचं विसरणं आता इतकं वाढलंय की ते बायकोलाही 'अहो बाई' म्हणतात. पुढ्यात एकच ताट. पिठलं, भाकरी, खारातली मिरची, पापड. आत्यांनी त्यातला एक घास खाल्ला. आबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग एक घास घेतला. पुन्हा आत्या. पुन्हा आबा.

"आत्या, मीठ!" मी ओरडलो.

त्या दचकल्यासुद्धा नाहीत. "व्हय, मीठ! अळनी केलं तर ताट सारत्यात. आन् आदी कुनी घास खाल्ल्याबिगर तोंड उघडत न्हाईत. उपाशी ठिवू व्हय? सांग तुज्या डाक्टरनीला, चढू दे म्हनावं आकडा!"

"आणि तुम्हाला ॲडमिट केलं, तर त्यांच्यासमोर कोण जेवणार?"

आत्यांनी पापडाचा तुकडा नुसता हातात धरून ठेवला.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंना मी आत्यांच्यादेखत सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ताट एकच ठेवा, पिठली दोन करा. आबांकडे मिठाचं, तुमच्याकडे लिंबू पिळलेलं अळणी.

"भिंत चाटल्यावानी लागतंय," आत्या रोज मला जिन्यात ऐकवायच्या. पण खात होत्या. सूज ओसरली, आकडाही उतरला.

परवा रविवारी आत्यांनी मलाही जेवायला बसवलं. आबा बराच वेळ आत्यांचं तोंड निरखत होते.

"अहो बाई," ते म्हणाले, "तुमचं पिठलं अळनी हाय का?"

"तुमाला वो कसं कळलं?"

"तोंडावरनं."

आबांनी आपल्या बाजूच्या पिठल्यात भाकरीचा तुकडा बुडवला आणि आत्यांच्या तोंडापाशी धरला.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार, तेवढ्यात डोळे वटारून म्हणाल्या, "बघतोस काय? तिकडं तोंड कर!"

मी तोंड फिरवलं.