इसहाकचा हसरा फोटो

"इसहाक म्हणजे 'तो हसेल'. हिब्रू नाव आहे, आई," जावयाने पुन्हा एकदा समजावलं.

"मग हसू दे की," नातवाला मांडीवर घेऊन स्टुडिओतल्या खुर्चीवर ठाण मांडलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आज फोटोत हसला तर उद्या नाव इसहाक. नाही तर माझ्या वडिलांचं."

सासूबाईंच्या वडिलांचं नाव घेताना जावयाला मध्येच श्वास घ्यावा लागे. इतक्या वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर झालेल्या पोराच्या गळ्यात तो धोंडा बांधायची त्याची तयारी नव्हती. पण हसण्याच्या बाबतीत पोरगं आजीवर गेलं होतं. उशिरा आलेल्या कारकुनाकडे साहेबाने बघावं, तसं ते बापाकडे बघत होतं.

खुळखुळा वाजवून झाला, टाळ्या पिटून झाल्या. फोटोग्राफरने भुंकूनही दाखवलं.

"रुसलेले नवरदेव हसवलेत मी," तो घाम पुसत म्हणाला. "हे प्रकरण वेगळंय."

"अहो, तुम्ही रांगून दाखवा ना," खुर्चीमागून बायको म्हणाली.

जावयाने दातओठ खात बाळाचं टोपडं डोक्यावर चढवलं आणि कॅमेऱ्याच्या बाजूला रांगायला लागला. मागे सरकताना त्याचा पाय भिंतीशी उभ्या केलेल्या पडद्याला लागला, आणि रंगवलेला अख्खा समुद्र त्याच्या अंगावर कोसळला. कापड टर्रकन फाटून लाटांमधून टोपडं वर आलं.

"हसला का?" समुद्राने वैतागून विचारलं.

फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो टिपला होता; त्याने कॅमेरा पुढे केला. फोटोत बायको पोट धरून वाकली होती, सासूबाईंची कवळी मागच्या दातापर्यंत दिसत होती, आणि मध्ये पोरगं ढिम्म.

"संपलं," जावई म्हणाला.

"संपलं कसं?" बायकोने डोळे पुसले. "बायबलातल्या त्या गोष्टीत बाळ कुठे हसलं होतं? म्हातारपणी मूल होणार ऐकून त्याची आई हसली, म्हणून ते नाव. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मीही हसत सुटले होते. आई, तू तेवढी रडलीस."

"रडू नको तर काय करू? वाट बघून डोळे शिणले होते माझे." सासूबाईंनी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे इसहाक. पण हा फोटो पुसून टाका. दुसरा काढा, नीट."

त्यांनी पदर सारखा केला, ओठ मिटले आणि नेहमीचा चेहरा धारण केला. पोराने मान वर करून तो चेहरा पाहिला, आणि खदाखदा हसत सुटलं.

जावयाने टोपडं काढलं आणि समुद्रातच बसकण मारली.